दादाचा उजवा पाय

माझ्या भावाने आयुष्यात कोणाकडे पाण्याचा ग्लाससुद्धा मागितला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. साठ वर्षं त्याच्याबरोबर एका घरात काढलेल्या बहिणीची ही तक्रार आहे. मी ग्लास भरून समोर ठेवला, तर तो माझाच असावा असं समजून बाजूला सरकवणार, आणि उठून स्वतःचा वेगळा भरून आणणार. आमच्या दोघांचीही लग्नं झाली नाहीत. माझं जमलं नाही आणि त्याने जमू दिलं नाही. बायको आली की ती काही ना काही करून देणारच, ही भीती असावी.

बूट बनवणं हा त्याचा धंदा. खाली दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. सरळ पायाच्या माणसाला बाजारात बूट मिळतात, दादाकडे येतात ती बाकीची माणसं: एक पाय आखूड असलेली, बोटं वाकडी झालेली, घोट्यातून पाऊल फिरलेली. दुकानाच्या भिंतीवर लाकडी फर्मे जोडीजोडीने टांगलेले आहेत. एकेक फर्मा एकेका गिऱ्हाइकाच्या पावलाच्या मापाचा, आणि प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. कोणाच्या पायाला कुठे गाठ आहे ते दादा डोळे मिटून सांगेल. शुगरने पाय बधिर झालेली माणसं तर लांबलांबून येतात. त्यांना तो दर वेळी तोच धडा म्हणून दाखवतो. पाय घालायच्या आधी बुटात हात घालून आतून चाचपायचं, कारण पायाला कळत नाही ते हाताला कळतं. रोज तळवा आरशात बघायचा. प्रत्येक जोडाबरोबर तो एक छोटा आरसाही देतो, आपल्या पदरचा.

सगळ्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चखालच्या वस्तीत, त्याला दादाच म्हणतात, त्याच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. चर्चमध्ये त्याची जागा शेवटच्या बाकावर, दाराजवळ. गुडघे टेकायच्या फळ्यांवरच्या गाद्या त्याने चढवल्या, दर चार वर्षांनी तोच बदलतो. कोणी वारलं की पेटीला पहिला खांदा त्याचा. कोणाचं छप्पर गळलं, कोणाची म्हातारी पडली, दादा हजर. आभार मानायला कोणी आलं की हा मागच्या दाराने पसार. लोक म्हणायचे, काय हा नम्र माणूस. मी गप्प बसायचे, कारण मला खरं काय ते ठाऊक होतं.

खरं काय ते सांगते. आई गेली आणि दोन वर्षांत वडीलही गेले, तेव्हा दादा तेरा वर्षांचा होता आणि मी सात. चर्चच्या कपाटात गरजूंसाठी जुने कपडे ठेवलेले असायचे. त्यातून दादाला तपकिरी रंगाचे, नाडीचे बूट मिळाले. रविवारी ते घालून तो चर्चमध्ये मिस्साला आला. बाहेर पायऱ्यांवर एक बाई प्रेमाने चारचौघींना म्हणाल्या, "बघा, आमच्या पोराचे बूट याला किती छान बसलेत." बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. बूट मात्र छान बसलेले नव्हते. ते एक माप लहान होते आणि दादाच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. घरी येऊन त्याने ते पुसले, कागदात बांधले आणि चर्चच्या दारात नेऊन ठेवले. पुढच्या रविवारी तो अनवाणी आला. महिन्याभरात एका बूटवाल्याकडे कामाला लागला, आणि त्यानंतर त्याच्या पायात दुसऱ्या कोणी केलेला बूट गेला नाही.

त्या बाईंचा तो मुलगा आता सत्तरीला आलाय. घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून सगळे त्याला टिकटिक म्हणतात. उजव्या कानाने बहिरा आहे आणि तोंडाने बोलका आहे.

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी विनंत्या वाचून झाल्या की फादर थोडं थांबतात. ज्याला स्वतःचं काही मागायचं असेल त्याने उभं राहून मागायचं. कोणी मुलाच्या परीक्षेसाठी मागतं, कोणी सुनेच्या बाळंतपणासाठी. टिकटिक तर कित्येक वर्षं आपल्या कानासाठी मागतोय. प्रत्येकाच्या मागून सगळं चर्च म्हणतं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." त्यात सर्वांत खणखणीत आवाज दादाचा. पण स्वतः तो कधी उभा राहिला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला की मला काही नको असतं, देवाला बाकीच्यांचं बघू दे. मला इतका राग आला की मी दोन दिवस बोलले नाही. देवावरही उपकार करायला निघालेला हा माणूस.

चार वर्षांपूर्वी दादालाच शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. आरसे त्याच्या दुकानात पेटीभर पडलेले होते, पण त्यातला एकही जिना चढून वर आला नाही. ईस्टरच्या आधीच्या या उपवासकाळात तो लंगडायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, फर्मा पडला पायावर. मग तो मोजे स्वतः धुऊन दुकानातच वाळत घालायला लागला. न्हाणीघराला आतून कडी लावायला लागला. खोलीत एक वास यायचा, तो चामड्याचा नव्हता. मला कळत होतं. मी बोलले नाही, याची मला लाज वाटते. बोलले असते तर त्याने तोंड फिरवलं असतं, आणि त्या फिरवलेल्या तोंडाला मी आयुष्यभर घाबरत आलेय.

म्हणून मी एक आगाऊपणा केला. चर्चच्या ऑफिसात याद्या करायचं काम माझ्याकडे आहे. पवित्र गुरुवारी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. ते बारा जण मी ठरवते. आमच्याकडे फक्त उजवाच पाय धुतला जातो, कधीपासून ते कोणालाच ठाऊक नाही. आणि धुवायला म्हणून येणारा प्रत्येक पाय घरून आधीच लख्ख धुऊन आलेला असतो. आठवडाभर आधी नखं कापली जातात, भेगांना मलम लागतं. एका वर्षी एका काकूंनी गडबडीत डावाच पाय घासून आणला होता, आणि उजवा पुढे करताना त्या लाजेने अर्ध्या झाल्या होत्या.

बाराव्या ओळीत मी दादाचं नाव लिहिलं. त्याला न विचारता. घरात भांडायची माझी हिंमत नव्हती, तेव्हा म्हटलं वेदीसमोर मोजा निघेल, फादर बघतील, मग पुढचं पुढे. त्याच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये यादी वाचली गेली. दादा घरी आला, जेवला, ताट स्वतः घासलं आणि मग विचारलं.

"माझं नाव कोणी घातलं?"

"मी."

"काढून टाक."

"वाचून झालंय आता. नाही म्हणालास तर लोक कारण विचारतील."

त्याने ओले हात पंच्याला पुसले. मग म्हणाला, "बरं."

दादा इतक्या सहज बरं म्हणत नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बुधवारी दुपारी मी खाली चहा घेऊन गेले, तर तो स्वतःचाच डावा बूट फर्म्यावर चढवून बसला होता. मागची बाजू सैल करून, टाच काढून नवी ठोकत होता. बूट न वाकता, हात न लावता पायातून सुटावा, अशी ती तजवीज होती. मी चहा ठेवला आणि वर आले. मला वाटलं, बिचारा तयारी करतोय.

गुरुवारी मिस्सा भरगच्च होता. वेदीसमोर बारा खुर्च्या, टोकाच्या खुर्चीवर दादा. फादरांच्या मागे टॉवेल घेऊन मी. आमचे फादर चाळिशीचे आहेत, दोन वर्षांपूर्वी आलेत, आणि गुडघे टेकताना त्यांचे गुडघे वाजतात ते पहिल्या तीन बाकांना ऐकू येतं. अकरा उजवे पाय झाले. बाराव्या खुर्चीपाशी आलो तर दादाचा उजवा बूट नाडीसकट घट्ट बांधलेला, आणि डावा बाजूला काढून ठेवलेला. काळा मोजाही त्याने तेवढ्यात ओढून काढला. काढताना तो फादरांच्या तोंडाकडे बघत होता. ते काही म्हणतात का, एवढीच त्याला काळजी.

 फादरांनी डावा पाय हातात घेतला आणि पाणी ओतलं. तसराळ्यातलं पाणी लाल झालं.

मला वाटलं माझ्या डोळ्यांची चूक आहे. फादरांनी पाऊल वळवून बघितलं. टाचेच्या मधोमध एक भोक होतं आणि त्यातून रक्त येत होतं. मी वाकून बाजूचा बूट बघितला. नव्या टाचेचा एक खिळा आतून वर आला होता, चांगला नखाएवढा. त्या खिळ्यावर दादा घरून चर्चपर्यंत चालत आला होता आणि सुवार्ता वाचली जाताना सगळ्यांबरोबर उभा राहिला होता.

फादरांनी हळूच विचारलं, "दादा, दुखत नाही?"

"काय?" दादा म्हणाला.

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तो ज्याला चांगला पाय समजून पुढे करत होता, तो पायही आता त्याचा राहिला नव्हता. त्याने खाली तसराळ्यात बघितलं. वडील गेले तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता, त्यानंतर मी तो पहिल्यांदा बघितला.

फादरांनी मग त्याला न विचारता उजव्या बुटाची नाडी सोडली. दादाचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. मोजा निघाल्यावर पुढच्या बाकांवरच्या लोकांनी माना खाली घातल्या. दोन बोटं काळी पडली होती. तळव्याला जखम होती, ती किती खोल आहे ते दिसत नव्हतं. फादरांनी तोही पाय धुतला, सावकाश, आणि माझ्या हातातला शेवटचा टॉवेल त्याला गुंडाळला. टिकटिक आणि आणखी तिघांनी दादाला खुर्चीसकट उचलून बाहेर नेलं. दादा वाटभर म्हणत होता, ठेवा मला, मी चालतो.

हॉस्पिटलमध्ये त्याची दोन बोटं काढली. डाव्या टाचेचं भोक भरून आलं, उजव्या तळव्याची जखम राहिली. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं की दिवसातून दोनदा दुसऱ्या माणसाने जखम बघून, धुऊन पट्टी बदलायची. त्यांची नर्स पंधरवड्यातून एकदाच येऊ शकत होती. माझ्या हातांना कंप आहे, माझा चहा बशीत जास्त आणि कपात कमी असतो. फादर घरी आले, शेजारच्या शिंपीणबाई आल्या, टिकटिक येऊन तासभर बोलून गेला. पट्टी आम्ही करू का, असं सगळ्यांनी विचारलं. दादाचं सगळ्यांना एकच उत्तर, लागलं तर सांगतो.

मग त्याने दुकानातून आरसा मागवला. म्हणजे माझ्याकडे मागितला नाही, स्वतः बसत बसत जिना उतरून घेऊन आला. रोज सकाळ-संध्याकाळ तो भिंतीला टेकून, पाय दुसऱ्या मांडीवर ओढून, आरसा धरून पट्टी करायचा. पाठ वाकायची नाही. अर्धी जखम दिसायची, अर्धी दिसल्यासारखी वाटायची. मी विचारलं की म्हणायचा, सुधारतेय.

दहा दिवसांनी डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली आणि दादाकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं की हे कोण करतंय. आत पू साठला होता. त्यांनी तो काढला, आणि मग दादाला सरळ सांगितलं, "अजून आठ दिवस असेच गेले तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. मग माझ्या हातात काही नाही."

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्याच्याशी भांडले. साठ वर्षांचं एकदम बाहेर आलं. मी म्हणाले, प्रभूचा शिष्य म्हणवतोस आणि पाय धुवायची वेळ आली तर चलाखी करतोस. प्रभू पाय धुवायला आला तेव्हा पेत्रही आधी नाही म्हणाला होता, पण त्याने ऐकलं तरी.

"पेत्राचे पाय चांगले होते," दादा म्हणाला.

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बोलायला लागला. म्हणाला की लोकांचे इतके पाय हातात घेतले, कधी किळस आली नाही. पण माझा पाय कोणाच्या हातात गेला की मी परत त्या पायऱ्यांवर उभा असतो. टाचांतून रक्त येतंय आणि लोक म्हणतायत, किती छान बसलेत.

"मी मागितले नव्हते ते बूट," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणाले. 

रविवारी तो कुबड्या घेऊन मिस्साला आला आणि शेवटच्या बाकावर बसला. मी शेजारी. विनंत्या वाचून झाल्या, फादर थांबले. टिकटिकने कानासाठी मागून घेतलं. आणखी कोणी उठलं नाही. फादरांनी शेवटच्या प्रार्थनेसाठी हात उचलले आणि माझ्या शेजारी कुबडी फरशीवर घासली. दादा उभा राहत होता. मी हात द्यायला गेले आणि मागे घेतला.

"माझा तळवा मला दिसत नाही," तो म्हणाला. तोच खणखणीत आवाज, पण मधेच फुटत होता. "दुखलेलं कळत नाही. दिवसातून दोनदा कोणीतरी येऊन बघायला पाहिजे. मला एकट्याला नाही जमत. म्हणून मागतोय."

आणि सगळं चर्च सवयीने एका सुरात म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

 लोकांना उशिरा कळलं की ही विनंती वर नव्हती केलेली, त्यांनाच केली होती. फादरांना ते आधीच कळलं होतं. ते हात खाली घेऊन थांबले. दादा उभाच होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, कोणीतरी बोला रे, आता कोणी बोललं नाही तर हा पुन्हा कधी मागणार नाही.

टिकटिकने डावा कान शेजारच्याकडे करून विचारलं, "काय म्हणाला तो?"

शेजारच्याने त्याच्या कानात सांगितलं. चर्चभर ऐकू आलं ते.

"मग मी येतो की," टिकटिक म्हणाला. "मला काय, दुकान बंद केलं की मोकळाच असतो."

शिंपीणबाई म्हणाल्या, सकाळचं मी बघते. दादा खाली बसला. मिस्सा संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

टिकटिक त्याच संध्याकाळी आला, तो घड्याळाचं भिंग डोळ्याला लावूनच. खाली दुकानात, फर्म्यांच्या भिंतीसमोर दादाला बसवलं, स्वतः स्टुलावर बसला आणि पाय मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत त्या स्टुलावर दादा सोडून कोणी बसलं नव्हतं. बारीक चिमट्याने त्याने जखमेतला दोऱ्याचा तुकडा उचलला, जो दादाला आरशात कधीच दिसला नसता. त्याचं तोंड अर्थातच चालू होतं. दादाचं तोंड भिंतीकडे.

"तुझे बूट मी घातले होते एकदा," दादा मधेच म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा बहिऱ्या कानाच्या बाजूने म्हणाला होता.

"माझे? कधी?"

"लहानपणी. तपकिरी. नाडीचे."

टिकटिकने भिंग काढून आठवून बघितलं. "नाही बुवा आठवत. आईने दिले असतील. ती सगळंच देऊन टाकायची. चावायचे का तुला?"

"हो."

"मलाही चावत असणार, म्हणून तर दिले," टिकटिक म्हणाला आणि भिंग परत डोळ्याला लावलं.

 ज्याच्या बुटांपायी दादाने साठ वर्षं कोणाचं पाणी घेतलं नाही, त्याला ते बूट आठवतसुद्धा नव्हते. मी तिथून उठून वर गेले. मला दादाचा चेहरा बघवला नाही.

आठ दिवस झाले. डॉक्टरबाईंनी पाय ठेवलाय, पण पक्कं काही सांगत नाहीत. पुढच्या सोमवारी बघू म्हणाल्या. मी रात्री अंथरुणावर पडले की सोमवारपर्यंतचे दिवस मोजते. प्रार्थना करायला बसते आणि शब्द सापडत नाहीत, नुसता दादाचा पाय डोळ्यांसमोर येतो.

काल संध्याकाळी टिकटिक पट्टी सोडून बराच वेळ बघत बसला होता. आणि चक्क गप्प होता.

"कसा आहे?" दादाने विचारलं.

"कडेने लाल आहे. कालच्याइतकाच."

"वाढला नाही?"

"नाही."

"नीट बघ."

"बघितलं, दादा. कालच्याइतकाच आहे."

दादाचा हात खिडकीतल्या आरशाकडे गेला. आरसा हाताच्या अंतरावर होता.  हात थोडा वेळ तिथेच राहिला, मग त्याने तो मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"बरं," तो म्हणाला, आणि मला म्हणाला, "अगं, जरा पाणी दे."